सिस्टरची संतांची ओपीडी

आमच्या मुकुटबनात माणसाला, जनावराला किंवा शिलाई मशिनीला आजवर असं एकही दुखणं झालेलं नाही, ज्याच्यावर आमच्या सिस्टरकडे एखादा संत नाही. दात दुखला, संत आहे. घसा बसला, संत आहे. कुत्रं चावलं, संत आहे, आणि चित्रात त्या संताच्या पायाशी पोळी तोंडात धरून एक कुत्रंही बसलेलं आहे. वीज पडायची भीती वाटते त्यांच्यासाठी एक संतीण आहे, हरवलेल्या वस्तूंसाठी एक जण नुसते त्याच कामावर बसलेले आहेत, आणि ज्या केसला कुणीच हात लावत नाही तिच्यासाठी संत यूदा म्हणून एक खास राखून ठेवलेले आहेत. आमच्याकडे देव काय कमी आहेत? मारोती आहे, विहार आहे, दर्गा आहे, पलीकडे झरीच्या जंगलात कोलामांचे आपले देव आहेत. पण दाताचा वेगळा, डोळ्याचा वेगळा, घशाचा वेगळा, अशी वाटणी आमच्यात कुणाला सुचली नव्हती. ती सिस्टरनी आणली.

सिस्टर म्हणजे चर्चमधल्या झग्यातल्या सिस्टर नव्हेत हं. दवाखान्यातल्या. वसईकडच्या कॅथलिक घरातल्या, नर्सचं शिकून सरकारी नोकरीत लागल्या आणि कुणा साहेबाशी वाजलं म्हणून पार आमच्याकडे फेकल्या गेल्या. "शिक्षा म्हणून पाठवलं होतं," असं त्या सांगतात, "आणि पुढे बदली आली तेव्हा वाटलं, खरी शिक्षा ही." ती बदली त्यांनी रद्द करून घेतली, माझ्या घराला लागून दोन खोल्या घेऊन राहिल्या आणि इथेच रिटायर झाल्या. मधली भिंत एकच. त्यांनी मिरची फोडणीला टाकली की शिंक मला येते. लग्न केलं नाही. का केलं नाही असं एकदा मी विचारलं, तर म्हणाल्या, "त्याचे संत अंतोनीच. हरवलेल्या वस्तू आणि नवरे, दोन्ही त्यांच्याकडे. मी वस्तूंसाठी इतका त्रास दिला, की नवऱ्याचं विचारायला तोंड राहिलं नाही." बोलणं त्यांचं पहिल्यापासून शुद्ध, आमचं एक 'काहून' तेवढं उचललं, तेही खुशीत असल्या तर. सिस्टरच्या तोंडी 'काहून' असेपर्यंत घाबरायचं नाही. 'का बरं' आलं की उठायचं.

मी पोलकी शिवते. शाळा चौथीपर्यंत झाली. पुढचं सगळं वाचन मापांच्या वहीत आणि सिस्टरच्या संतचरित्राच्या जाड पुस्तकात झालं. त्यामुळे मला रामायणातल्या दहा ऋषींची नावं धड सांगता यायची नाहीत, पण कुणाला बाणांनी मारलं, कुणाला चाकाला बांधलं, कुणाला तव्यावर घातलं, हे विचाराल तेव्हा सांगते. माझ्या सुनेला हे आवडत नाही. "आई, जेवताना नको," म्हणते.

रिटायर झालेली नर्स घरात किती दिवस गप्प बसणार? पहिल्याच महिन्यात त्यांनी ओसरीत बाक टाकला. दवाखान्यातून रद्दीत निघालेल्या केसपेपरांचा गठ्ठा त्यांच्याकडे होता, मागची बाजू कोरी. सकाळी नऊ ते अकरा ओपीडी. पेशंट बसला की आधी जीभ बघायच्या, मग नाडी, मग ऐकून घ्यायच्या, आणि शेवटी कोऱ्या बाजूवर दोन ओळी लिहायच्या. वरच्या ओळीत 'रेफर', पुढे संताचं नाव. खालच्या ओळीत 'रेफर', पुढे डॉक्टरचं. सोबत संताचं छोटं रंगीत चित्र. वसईहून भाचा गठ्ठेच्या गठ्ठे पाठवायचा. दोन ओळींचा नियम पक्का होता. "वरचे वर बघतील, खालचा खाली बघेल. एकाला सांगून दुसऱ्याला लपवलं तर केस बंद." कुणी नुसतं चित्र मागितलं तर द्यायच्या नाहीत. आधी डॉक्टरची गोळी दाखवा. गावातल्या डॉक्टरांचा धंदा सिस्टरच्या संतांनी जितका वाढवला तितका कुठल्या तापानं वाढवला नसेल.

आणि ओपीडी सगळ्यांची. धर्म बदला, देव बदला असं एका शब्दानं त्या कुणाला म्हणाल्या नाहीत. विहारातल्या बाया यायच्या, दर्ग्याजवळची बांगडीवाली यायची. "स्पेशालिस्टकडे जाताना कुणी जात विचारतं का?" एवढंच त्यांचं म्हणणं.

फेब्रुवारीत तीन तारखेला संत ब्लेझ. हे घशाचे. एका पोराच्या घशात अडकलेला माशाचा काटा त्यांनी काढला होता. त्या दिवशी दोन मेणबत्त्या, न पेटवलेल्या, कातरीसारख्या गळ्याला लावायच्या आणि प्रार्थना म्हणायची. चर्चमध्ये हे फादर करतात. पण चर्च लांब, आणि आमच्याकडे तेव्हाच तुरीच्या भुशानं गावाचा घसा धरलेला. मग सिस्टर स्वतःच मेणबत्त्या घेऊन बसायच्या. एका वर्षी नेमकी निवडणूक. एक उमेदवार प्रचारात ओरडून ओरडून आवाज घालवून बसलेला, तो रांगेत आला. सिस्टरनी मेणबत्त्या लावल्या, प्रार्थना म्हटली, गरम पाण्याच्या गुळण्या लिहून दिल्या. दुसऱ्या दिवशी आवाज सुटला आणि त्यानं चौकात उभं राहून अशी काही भाषणं ठोकली, की लोक सिस्टरकडे तक्रार घेऊन आले. सिस्टर म्हणाल्या, "संत ब्लेझ घसा मोकळा करतात. त्यातून बाहेर काय पडतं, ते त्यांच्याकडे नाही."

बसस्टँडवरच्या भजीवाल्याला त्यांनी संत लॉरेन्स दिले. स्वयंपाक्यांचे. या संताला राजानं लोखंडी जाळीवर भाजलं, तेव्हा तो म्हणे राजाला म्हणाला, ही बाजू झाली, आता उलटवा. भजीवाल्याला गोष्ट फारच आवडली. त्यानं चित्र कढईच्या वर टांगलं आणि येईल त्या गिऱ्हाइकाला झाऱ्यानं भजं उलटवत उलटवत ती सांगायला लागला. आठ दिवसांनी कुरकुरत आला. "सिस्टर, गोष्ट आयकली का लोकायच्या घशाखाली भजं उतरून नाही राह्यलं."

"मग ब्लेझचं चित्र लाव शेजारी," सिस्टर म्हणाल्या.

माझे धाकटे दीर शेतीवाले. त्यांना दिले संत इसिदोर, स्पेनमधले. सिस्टरनी आम्हाला समजेल असं सांगितलं, की हा दुसऱ्याच्या शेतावर सालदार होता. सकाळी कामावर यायचा आधी प्रार्थनेला जायचा, उशीर व्हायचा. मालक रागावून बघायला गेला, तर हा गुडघे टेकून बसलेला आणि शेतात दोन देवदूत नांगर धरून चाललेले. दीर मन लावून ऐकत होते.

"सिस्टर, हे दोघं भेटतीन का कुठी? रोजीनं माणूस सापडून नाही राह्यला."

"तो प्रार्थना करत होता, भाऊजी. तुम्ही पिंपळाखाली पत्ते खेळता. तुमच्या शेतात देवदूत आले तर तेही पत्त्यालाच बसतील."

तरी एक प्लास्टरची छोटी मूर्ती त्यांनी वसईहून मागवून दिली. दिरांनी ती शेतातल्या विहिरीच्या कोनाड्यात ठेवली. त्या वर्षी कापूस बरा आला, तर दिरांनी नारळ फोडला आणि आमच्या रीतीप्रमाणे इसिदोरला शेंदूर लावला. थोडा नाही, नखशिखान्त. सिस्टर शेतात हुरड्याला आल्या आणि कोनाड्यापुढे थबकल्या. मी मनात म्हटलं, आता 'काहून' नाही येत. "का बरं?" त्या म्हणाल्या. दीर विहिरीमागे सरकले. मग सिस्टरनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. "नाक तरी दिसू द्यायचं," म्हणाल्या, आणि थोड्या वेळानं, "असू दे. प्लास्टर होतं, पावसात विरघळलं असतं. आता टिकेल."

संत अंतोनींशी मात्र त्यांचं जरा वेगळं. हरवलेल्या वस्तूंचे हे, आणि सिस्टर त्यांना हाताखालच्या माणसासारखं वागवायच्या. टेबलावर त्यांची वीतभर मूर्ती. वस्तू सापडेना की मूर्तीचं तोंड भिंतीकडे. माझी कापड कापायची मोठी कातर हरवली तेव्हा अंतोनी तीन दिवस भिंतीकडे बघत उभे होते. मला बिचाऱ्याची दया यायला लागली. "सिस्टर, त्यायची काय चूक? मीच कुठं तरी ठेवली."

"तू मध्ये पडू नको. आमच्या गावी म्हाताऱ्या तर त्यांना दोरी बांधून विहिरीत सोडायच्या. मी भिंतीवर भागवते."

कातर सापडली गादीखाली. सिस्टरनी लगेच मूर्ती वळवली, पदरानं तोंड पुसलं आणि मान खाली घालून खरोखर माफी मागितली. मी कडेला उभी राहून ऐकत होते. आमच्या घरात माणसांची इतकी मनापासून माफी कुणी मागितल्याचं मला आठवत नाही.

असं सगळं छान चाललेलं असताना मागच्या हिवाळ्यात ती गोष्ट झाली.

झरीकडच्या जंगलातून एक कोलाम आजी बाजाराच्या दिवशी बांबूच्या टोपल्या विकायला येते. तिच्या डोळ्यांतून पाणी गळायचं. सिस्टरनी तिला चिठ्ठी दिली, चित्र दिलं. त्याच सकाळी भजीवाला गाल धरून आला होता, अक्कलदाढेनं तोंड सुजलेलं. त्यालाही चिठ्ठी आणि चित्र. दुपारी आजी माझ्या ओट्यावर पाणी प्यायला टेकली आणि पदराच्या गाठीतून चित्र काढून माझ्यासमोर धरलं.

"पाय वो बाई, मी डोया दाखवाले गेलतो, सिस्टरनं मले दात उपटनारी बाई देल्ली."

मी पाहिलं. खरंच. संत अपोलोनिया. हातात पक्कड, पकडीत दात. ही दातांची. डोळ्यांची संत लुसिया. तिच्या हातात ताटली असते आणि ताटलीत दोन डोळे. मी तशीच उठून बसस्टँडवर गेले. भजीवाल्यानं कढईवर लुसिया टांगली होती. "दाढ बसली बाप्पा," तो खुशीत म्हणाला, "पन हे बाई पाहूनच राह्यली. दोन डोये ताटातून, दोन तोंडावरून. चार डोयानं पाहाते."

बाकीचे हसले. मला हसू आलं नाही. सिस्टर औषधात चुकल्या असत्या तर मी म्हटलं असतं, वय झालं. पण लुसिया आणि अपोलोनिया? झोपेतून उठवून विचारलं तरी ताटली कुणाची आणि पक्कड कुणाची हे सांगणारी बाई. घरी येईपर्यंत मला एकेक गोष्ट आठवायला लागली. मागे दोनदा कढीत मिठाऐवजी साखर पडली होती. चिठ्ठीच्या दोन ओळी हल्ली एकमेकींवर चढायला लागल्या होत्या. आणि कोण आलं ते सिस्टर न बघता चपलेच्या आवाजावरून ओळखतात, याचं आम्ही गावभर किती कौतुक करत होतो! त्या बघत नव्हत्या हे खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी मी चपला दारात काढल्या आणि अनवाणी, आवाज न करता त्यांच्या खोलीत जाऊन उभी राहिले. त्यांचं तोंड माझ्याकडेच. मला नाही पाहिलं.

"सिस्टर," मी म्हटलं. त्या दचकल्या.

"तू होय! चप्पल कुठे तुझी?"

"हे एक चित्र सापडलं माह्याकडं. कोनत्या संताचं हाये, पाहा बरं."

त्यांनी कागद घेतला. लांब धरला, जवळ धरला, खिडकीकडे वळवला. बोट फिरवलं. "जुनं दिसतंय गं. ही संत रीटा. कपाळावर काट्याची जखम आहे बघ."

"सिस्टर, हे लाइटचं बिल हाये."

त्यांनी कागदाची नीट घडी केली. मग बिल मला परत देत म्हणाल्या, "किती आलं?"

मला हसूही आलं आणि रडूही. दोन्ही संपल्यावर मी त्यांच्या समोर पाट घेऊन बसले. त्यांनी सगळं सांगितलं, एखाद्या दुसऱ्याच पेशंटबद्दल सांगावं तसं. मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. डावा अर्धा, उजवा पूर्ण पिकलेला. आणखी थांबलं तर आतल्या आत बिघडणार आणि मग ऑपरेशन करूनही उपयोग नाही, डोळा जाणार.

"तुम्हाले हे ठावं हाये?"

"नर्स आहे मी."

"मंग काहून थांबल्या?"

त्यांनी हात मांडीवर उलटे ठेवले. "डोळ्यांच्या शिबिरात मी उभी असायचे. पेशंट हलू नये म्हणून हात धरायचं काम माझं. किती हात धरले असतील! धडधाकट माणसं, बैल आवरणारी, पण कापडाखाली त्यांचा हात असा थरथरायचा ना. मला तो थरकाप माहीत आहे गं. मी टेबलाच्या या बाजूला उभी राहणारी बाई. त्या बाजूला निजायची हिंमत होत नाही."

"आन् संत लुसिया?"

"तिला नाही सांगितलं."

"सगळ्या गावाले पाठवता तिच्याकडं!"

"ती विचारेल ना, खालच्या डॉक्टरकडे गेलीस का? काय सांगू मी तिला?" त्यांनी मागच्या भिंतीकडे बोट केलं. "तिचं चित्र आहे तिथे, तिकडे मी तोंडच करत नाही."

त्यानंतर महिनाभर मी त्यांच्या मागे लागले. गोड बोलून झालं, टोमणे मारून झाले. "गावाले रेफर करते आन् सोता लपून बसते," असं त्या ऐकतील इतक्या मोठ्यानं मी भिंतीपलीकडून म्हणायचे. पलीकडून उत्तर यायचं, "कुकरची शिट्टी झाली तुझी." वसईच्या भाच्याला फोन करीन अशी धमकी दिली, तर चार दिवस बोलल्या नाहीत. त्या चार दिवसांत त्या अंगणात पडल्या. फार लागलं नाही, पायरी चुकली, कोपर खरचटलं. मी धावत गेले, तर मातीतच बसून मला म्हणतात, "कुणी बघितलं नाही ना?"

त्या दुपारी मी मशिन बंद केलं, त्यांच्याच गठ्ठ्यातला एक केसपेपर घेतला आणि कोऱ्या बाजूवर लिहायला बसले. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण ओळी सरळ होत्या. मग त्यांच्या बाकावर जाऊन बसले आणि म्हटलं, चिठ्ठी आहे.

"कुणाची?"

"आयका. पेशंट, सिस्टर. तक्रार, दोन्ही डोळे, शिवाय हट्टीपणा. रेफर वर, संत लुसिया. रेफर खाली, यवतमाळ, डोळ्यांचा वॉर्ड. सोबत येणार, मी. हात धरणार, मी."

लिहिलेल्या चिठ्ठीपुढे त्यांना नाही म्हणता येत नाही, हे मला माहीत होतं. सगळी नोकरी त्यांनी तशी काढली होती. तोंडी हुकमाशी भांडायच्या, कागद आला की पाळायच्या. तरी त्यांनी तोंड अंगणाकडे फिरवलं. समोरच्या कडुनिंबावर कावळे ओरडत होते. त्यांना तो कडुनिंब हिरव्या ढगासारखा दिसायचा, असं त्या नंतर म्हणाल्या.

"शेवटची ओळ पुन्हा वाच."

मी वाचली.

"तारीख टाकली नाहीस," सिस्टर म्हणाल्या. "तारीख नसलेली चिठ्ठी कुणी घेत नाही."

मी तारीख टाकली.

यवतमाळला जायला आधी वणीची बस, तिथून दुसरी. दोन्ही बसमध्ये त्यांनी ड्रायव्हरला प्रवाशांना सांभाळणाऱ्या संत ख्रिस्तोफरचं चित्र दिलं. पहिल्यानं काचेला लावलं, दुसऱ्यानं विचारलं, टोलनाक्यावर चालतं का. दवाखान्यात पोचेपर्यंत त्या मजेत होत्या. वॉर्डातल्या तरुण नर्सला विचारून झालं, की चादरी कधी बदलता, ड्रॉप किती वेळानं घालता. मग ती नर्स रजिस्टर घेऊन माझ्याकडे आली.

"पेशंटचं नाव?"

"सिस्टर."

"सिस्टर मी आहे, मावशी. पेशंटचं नाव सांगा."

"आम्ही सिस्टरच म्हणतो."

"आधार कार्डावर सिस्टर लिहिलंय का?"

पस्तीस वर्षं एका भिंतीला पाठ लावून राहिलो. हिला कोणतं लोणचं पचतं, कोणत्या कुशीवर झोपते, कोणत्या संताशी अबोला आहे, सगळं मला ठाऊक. नाव ठाऊक नव्हतं. गावात कुणालाच नव्हतं. पाटीवर सिस्टर, दूधवाल्याच्या वहीत सिस्टर. त्यांनी बटव्यातून चाचपून कार्ड काढलं आणि नर्सनं नाव मोठ्यानं वाचलं. मी मागे वळून बघितलं, दुसरं कुणी आलं की काय. असं हलकं, लाडाचं नाव. दोन वेण्या घालणाऱ्या मुलीचं असावं तसं.

ते मी इथे लिहीत नाही. लिहू का म्हणून विचारलं होतं, तर म्हणाल्या, का बरं?

ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाकावर आम्हाला बसवलं. डोळ्यात औषध घातलेलं, अंगात हिरवा झगा, केसांवर टोपी. आता त्यांचा हात माझ्या हातात होता आणि तो थरथरत होता, अगदी त्यांनी सांगितलं होतं तसा. मी म्हटलं, संत लुसियाला सांगा ना, आता तर खालच्याकडेही आलात. त्यांनी ओठ हलवले आणि थांबल्या.

"आठवत नाही गं," त्या हळूच म्हणाल्या. "कोणीच आठवत नाही. सगळे गेले."

एवढे शेकडो संत, वर्षाच्या प्रत्येक तारखेला एक तरी, आणि या बाईला त्या घटकेला एकही सापडेना. मलाही नावं फुटेनात. मला तिथे एकच नाव माहीत होतं, नुकतंच कळलेलं. मी त्या नावानं हाक मारली. अहो नाही, तुम्ही नाही. नाव घेतलं आणि म्हटलं, "भिऊ नको. मी बसली हावो इथं."

त्यांनी माझ्याकडे तोंड फिरवलं. दिसत काहीच नसणार. "आईनंतर," त्या म्हणाल्या, आणि वाक्य अर्धंच ठेवलं, कारण दार उघडलं होतं. हात सोडताना मला दिसलं, थरथर थांबली नव्हती. पण त्या चालत गेल्या, वॉर्डबॉयनं पुढे केलेली चाकाची खुर्ची नको म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी उजव्या डोळ्याची पट्टी निघाली. डॉक्टरांनी बोटं धरली, त्यांनी मोजली. मग माझ्याकडे बघितलं. अशा बघत राहिल्या, की मला पदर सारखा करावासा वाटला. मला वाटलं, आता काही तरी बोलणार, आणि मी रडायची तयारी केली.

"तुझ्या पोलक्याची खांद्यावरची शिवण तिरपी आहे," सिस्टर म्हणाल्या. "आणि तू लोकांची शिवतेस!"

आता ओपीडी पुन्हा नऊ ते अकरा. आल्या आल्या त्यांनी पहिलं काम केलं ते चित्रं बदलायचं. भजीवाल्यानं लुसिया परत दिली, वर म्हणाला, बरं झालं, मले लाज वाटे तिच्यासमोर कमी तेलात तळाची. कोलाम आजीला लुसिया दिली, वणीच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे स्वतः घेऊन गेल्या. पण अपोलोनिया काही आजीनं परत केली नाही. "राहू दे वो," म्हणाली, "उरलेत चार दात, त्याइले पाहीन थे." डाव्या डोळ्याची तारीख मिळाली आहे. या खेपेला चिठ्ठी त्यांनी स्वतः लिहिली आणि 'सोबत' या शब्दापुढे मला विचारल्याशिवाय माझं नाव टाकलं.

लोकांसमोर मी सिस्टरच म्हणते. दुसरं काही तोंडात बसतही नाही. आमचं दोघींचं वय झालं. त्या माझ्याहून तीन वर्षांनी मोठ्या, पण ही रांग काही तारखेप्रमाणे पुढे सरकत नाही. कधी मनात येतं, मी आधी गेले तर त्या नावानं हाक मारणारं इथे कुणी उरणार नाही. म्हणून एखाद्या दिवशी, दिवेलागणीला त्या पायरीवर एकट्या तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या असल्या आणि गल्लीत कुणी नसलं, तर मी भिंतीअलीकडून नावानं हाक मारते. लगेच उत्तर येत नाही. शेंगांचा आवाज थांबतो. थोडा वेळ जातो. ते नाव वसईहून चालत यावं, इतका वेळ.

मग ती ओ देते.